बैठकीत न उमटलेली हरकत: अंतर्मुखतेविषयीचे एक प्रकरण

घटना

दवाखान्यांमधील भेटीच्या वेळा नोंदवणारी प्रणाली सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअर संस्थेतील नऊ जणांच्या गटात हे प्रकरण घडले. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील वगळले आहेत. प्रकरणाच्या केंद्रस्थानी असलेल्या विश्लेषकाला येथे श्रीमती क आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्याला श्री. ख असे म्हटले आहे. गटप्रमुखांचा उल्लेख केवळ पदाने केला आहे.

जुन्या प्रणालीतील नोंदी नव्या प्रणालीत हलवायच्या होत्या. त्यासाठी घेतलेल्या नियोजन बैठकीत श्री. ख यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितले की हे काम एका रात्रीत उरकता येईल. तेथून चर्चा रात्र कोणती निवडायची, कोण जागे राहील आणि ग्राहकांना कधी कळवायचे याकडे वळली. श्रीमती क यांना मात्र एक गोष्ट खटकत होती. जुन्या नोंदींपैकी काही शाखांच्या नोंदींत आधी दिवस आणि मग महिना लिहिलेला होता, तर काही शाखांच्या नोंदींत आधी महिना आणि मग दिवस. दिवसाचा आकडा 12 पेक्षा मोठा असेल तर नवी प्रणाली अशी उलटी नोंद नाकारते आणि चूक लगेच डोळ्यांसमोर येते. तो 12 किंवा त्याहून लहान असेल, तर 9 एप्रिलची भेट कोणतीही तक्रार न करता 4 सप्टेंबरवर जाऊन बसते. हा धोका बैठकीतील दुसऱ्या कोणाच्याही लक्षात आलेला नव्हता.

श्रीमती क यांनी दोनदा बोलण्याचा प्रयत्न केला. एकदा त्यांनी वही उघडून मान वर केली, तोवर दुसऱ्या सहकाऱ्याने ग्राहकांचा विषय काढला होता. दुसऱ्यांदा त्यांनी "तारखांच्या बाबतीत एक" एवढेच म्हटले आणि श्री. ख यांनी "हो, तारीख आपण शनिवारची धरू" असे म्हणून तो धागा आपल्या परीने पूर्ण केला. अखेरीस गटप्रमुखांनी "अजून कोणाला काही म्हणायचे आहे का?" असे विचारले. विचारता विचारता त्यांचा हात लॅपटॉप मिटत होता. श्रीमती क यांनी त्याच संध्याकाळी गटप्रमुखांना सविस्तर ईमेल लिहिला, त्यात नमुन्यादाखल सहा नोंदीही जोडल्या. ईमेलचा विषय होता "नोंदींबाबत एक निरीक्षण". गटप्रमुखांनी तो सवडीने वाचू म्हणून बाजूला ठेवला.

स्थलांतर ठरल्याप्रमाणे पार पडले. त्यानंतरच्या आठवड्यात दवाखान्यांत माणसे ठरल्या वेळी येऊ लागली आणि यादीत त्यांचे नावच सापडेना. दुरुस्ती शक्य होती आणि ती झालीही, पण आजारी माणसांना विनाकारण परत जावे लागले, आणि या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. व्यक्तिमत्त्वाच्या चर्चेत ती विसरली जाऊ नये.

चौकशीत गटप्रमुखांना तो ईमेल सापडला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्हाला माहीत होते, तर बैठकीत बोलला का नाहीत?" श्रीमती क यांनी उत्तर दिले, "सर, मी बोलत होते." वार्षिक मूल्यमापनात त्यांच्या नावापुढे पुढाकाराचा अभाव आणि गटात मिसळत नाही असे दोन शेरे आले. दोन महिन्यांनी त्यांनी एकट्याने करायच्या कामावर बदली मागितली. ती मागणी मनुष्यबळ विभागाला अनपेक्षित वाटली आणि त्यानंतर मला या गटाच्या कामकाजाचा अभ्यास करण्यासाठी बोलावण्यात आले.

लाजाळूपणा की अंतर्मुखता

सहकाऱ्यांशी स्वतंत्रपणे बोलताना श्रीमती क यांच्याविषयी जी विशेषणे कानावर आली ती ओळखीची होती. कोणी त्यांना शिष्ट म्हटले, कोणी आतल्या गाठीच्या म्हटले, एकाने तर माणूसघाण्या हा शब्द वापरला. मनुष्यबळ विभागाची भाषा अधिक सौम्य होती. त्यांच्या मते श्रीमती क यांना आत्मविश्वास कमी होता आणि संभाषणकौशल्याच्या प्रशिक्षणाने तो वाढवता आला असता. या सर्व मतांमध्ये एक गृहीतक समान होते: जो बोलत नाही त्याला एकतर इतरांची पर्वा नसते किंवा भीती वाटत असते.

हे गृहीतक तपासून पाहणे अवघड नव्हते. गटात नव्याने दाखल होणाऱ्यांना काम शिकवण्याची जबाबदारी गेली कित्येक वर्षे श्रीमती क यांच्याकडे होती आणि त्या नवोदितांपैकी ज्यांच्याशी मी बोललो त्या प्रत्येकाने त्यांचे नाव आपुलकीने घेतले. एका अवघड ग्राहकाशी झालेल्या वादात त्यांनी संस्थेची बाजू ठामपणे आणि न डगमगता मांडल्याचे खुद्द गटप्रमुखांनीच सांगितले. तयारीला वेळ मिळाला तर शंभर जणांसमोर सादरीकरण करण्यासही त्यांची हरकत नसे. सादरीकरणानंतरच्या गप्पांना मात्र त्या थांबत नसत. लाजाळू माणसाला लोकांत मिसळावेसे वाटते, पण लोक काय म्हणतील या धास्तीने त्याचे पाऊल अडते. श्रीमती क यांच्या वागण्यात अशी धास्ती कोठेही दिसली नाही. त्यांना मोठ्या घोळक्याची फारशी ओढच नव्हती.

लाजाळूपणा आणि लोकांची ओढ कमी असणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये मोजमाप करून दाखवले. लोकांची ओढ भरपूर आणि भीतीही भरपूर, अशी माणसे असतात. ओढ कमी आणि भीतीही नाही, अशीही असतात. उपायाच्या दृष्टीने हा फरक कळीचा आहे. भीती हा त्रास आहे आणि तो दूर करण्यासाठी मदत घेणे योग्य ठरते. अंतर्मुखता हा स्वभावाचा एक सर्वसाधारण प्रकार आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. दोहोंची गल्लत झाली की भीती नसलेल्या माणसाला भीतीवरचे औषध दिले जाते आणि तो बरा झाला नाही म्हणून दोषही त्यालाच लागतो.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मानसशास्त्रात रुजवली ती कार्ल युंग यांनी, 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथातून. माणसाच्या मानसिक ऊर्जेचा ओघ बाहेरच्या जगाकडे अधिक आहे की आतल्या विचारविश्वाकडे, असा त्यांचा प्रश्न होता. आज संशोधक युंग यांचे प्रकार जसेच्या तसे वापरत नाहीत. व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख गुणविशेषांच्या प्रचलित मांडणीत बहिर्मुखता ही एक पट्टी मानली जाते आणि अंतर्मुखता म्हणजे त्या पट्टीची खालची बाजू. उंचीप्रमाणेच या पट्टीवरही बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात आणि दोन्ही टोकांना थोडीच. ही पट्टीदेखील एकसंध नाही. मिळूनमिसळून राहणे, ठामपणे मत मांडणे, चळवळेपणा, थरार शोधणे, आपुलकी, उत्साह असे अनेक पदर तिच्यात येतात. श्रीमती क यांच्यात आपुलकी आणि ठामपणा होता, घोळक्याची हौस नव्हती. गटातील सहकाऱ्यांनी हा एक पदर पाहिला आणि उरलेले सारे त्यावरून ठरवून टाकले.

हा फरक येतो कोठून, याविषयी हान्स आयसेंक यांनी 1967 मध्ये मांडलेली कल्पना विशेष गाजली. अंतर्मुख माणसाच्या मेंदूची जागृतावस्था मुळातच वरच्या पातळीवर असते, म्हणून बाहेरचे थोडे उद्दीपनही त्याला पुरते. बहिर्मुख माणसाची पातळी खाली असते, म्हणून तो उद्दीपन शोधत राहतो, असे ते म्हणत. पुढच्या संशोधनात ही कल्पना जशीच्या तशी टिकली नाही. बहिर्मुख माणसाला बक्षिसाची, कौतुकाची आणि नव्या संधीची ओढ अधिक तीव्रतेने जाणवते, या स्पष्टीकरणाकडे आता अनेक संशोधक झुकतात. तरीही आयसेंक यांच्या विचारातून निघालेला एक प्रयोग मला या प्रकरणात उपयोगी वाटला. रसेल जीन यांनी 1984 मध्ये शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवण्याचे काम देऊन सहभागींना पार्श्वभूमीचा आवाज स्वतः निवडू दिला. अंतर्मुखांनी कमी आवाज निवडला, बहिर्मुखांनी जास्त. आपापल्या पसंतीच्या आवाजात दोघांचेही काम चांगले झाले आणि एकाची पातळी दुसऱ्याला लावली तेव्हा ते बिघडले. म्हणजे आवाज बदलल्यावर कोण हुशार दिसतो हेही बदलत होते. आणि आवाज ही परिस्थितीची बाब आहे.

बैठकीची रचना

यानंतर मी गटाच्या काही बैठकांना मागे बसून केवळ निरीक्षण केले. एक गोष्ट लवकरच ध्यानात आली: या बैठकांत दोन बोलण्यांमध्ये जवळपास मोकळी जागाच नसे.

हे काही या गटाचे वैशिष्ट्य नव्हे. जगातील दहा भाषांमधील संभाषणांचा तुलनात्मक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. एखाद्या साध्या वस्तूचे नाव उच्चारायची तयारी करायलाही मेंदूला याहून कितीतरी अधिक वेळ, अर्ध्या सेकंदाच्या पुढे, लागतो. याचा अर्थ, ज्याला पुढची पाळी मिळवायची असेल त्याने समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच स्वतःच्या वाक्याची जुळवाजुळव सुरू केलेली असावी लागते. दोघांच्या गप्पांत याने काही बिघडत नाही, कारण तेथे पाळी आज ना उद्या आपल्याकडे येणारच असते. नऊ जणांच्या टेबलाभोवती मात्र ही शर्यत होते. जो माणूस समोरच्याचे म्हणणे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतो, ते मनात तपासतो आणि मग बोलायला निघतो, तो या शर्यतीत जवळपास प्रत्येक वेळी मागे पडतो. श्रीमती क तसे ऐकत असत. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या कामातील अचूकतेचे मूळही त्याच सवयीत होते.

शर्यतीत पुढे असणाऱ्याला आणखी एक लाभ आपोआप मिळतो. गटात जो अधिक वेळ बोलतो त्याला इतर जण नेता मानू लागतात, आणि तो काय बोलतो यापेक्षा किती बोलतो यालाच पुष्कळदा महत्त्व येते, असे गटांवरील अभ्यासांत वारंवार आढळले आहे. कॅमेरॉन अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ यांनी 2009 मध्ये गटांना गणिते सोडवायला दिली, तेव्हा पुढे पुढे करणाऱ्या सदस्यांना इतरांनी अधिक सक्षम ठरवले, प्रत्यक्षात त्यांची क्षमता अधिक नसतानाही. आधी मांडलेले उत्तर पुष्कळदा गटाचे उत्तर होऊन जात होते. या गटातही तेच घडले. "एका रात्रीत उरकेल" हे वाक्य पहिल्या मिनिटाला आले आणि पुढचा सगळा वेळ त्या रात्रीची व्यवस्था लावण्यात गेला. कोणी त्या वाक्यावर शिक्कामोर्तब केले नव्हते. ते आधी आले, एवढेच.

गटप्रमुखांच्या शेवटच्या प्रश्नाचा विचारही येथे करायला हवा, कारण आपण सर्वांना संधी दिली होती, असे ते प्रामाणिकपणे मानत होते. प्रश्न आणि लॅपटॉप मिटणे यांत फार तर दोन सेकंदांचे अंतर होते. शाळेच्या वर्गांचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांना 1970 च्या दशकात दिसले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले तेव्हा उत्तरे लांबली, कारणांसह येऊ लागली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. मुलांच्या स्वभावात त्या दोन सेकंदांत काही बदल झालेला नव्हता. माझ्या निरीक्षणाखालील एका बैठकीत गटप्रमुखांनी माझ्या विनंतीवरून प्रश्नानंतर मनात दहापर्यंत अंक मोजले. सात-आठच्या सुमारास एका कनिष्ठ सहकाऱ्याने सर्व्हरच्या क्षमतेविषयी अशी शंका विचारली की त्या विषयावर पुढची वीस मिनिटे गेली. तो सहकारी त्या दिवसापर्यंत बैठकीत क्वचितच बोलला होता, आणि त्याच्या मूल्यमापनात मात्र कोणताही शेरा नव्हता, कारण तो नवीन होता.

श्री. ख यांची बाजू

अशा प्रकरणात बडबड्या सहकाऱ्याला खलनायक ठरवण्याचा मोह होतो. श्रीमती क यांच्याशी सहानुभूती असलेल्या दोघांनी तो बोलूनही दाखवला. मला तो अन्यायकारक वाटतो.

श्री. ख यांच्याशी झालेली बातचीत या अभ्यासातील सर्वांत उद्बोधक ठरली. ते म्हणाले, "एका रात्रीत होईल हे मी ठरवून बोललो नव्हतो. मी असे काही बोलतो, कोणीतरी ते खोडून काढते आणि मग मला खरे काय ते कळते. त्या दिवशी कोणी खोडलेच नाही." त्यांच्या बाबतीत बोलणे हीच विचार करण्याची रीत होती. पहिले वाक्य हा त्यांचा कच्चा मसुदा असे, आणि गट तो पक्का समजून वहीत उतरवून घेई. याउलट श्रीमती क यांचे पहिले वाक्य हा त्यांचा चौथा-पाचवा मसुदा असे, कारण आधीचे सगळे त्यांनी मनातच खोडलेले असत. दोन्ही रीती आपापल्या जागी उत्तम आहेत. एकीच्या कच्च्या मालाला दुसरीच्या पक्क्या मालाशी एकाच तराजूत तोलले की दोघांवरही अन्याय होतो: श्री. ख यांच्या माथी त्यांनी न घेतलेला निर्णय मारला जातो आणि श्रीमती क यांच्या हाती कोरी पाटी राहते.

बदलीच्या मागणीमागे मूल्यमापनातील शेरे होतेच, पण बदलीने प्रश्न सुटला असता असे मला वाटत नव्हते. अंतर्मुख माणसाला एकटेच बसवावे हा समजही, त्याला बळेच बोलते करावे या समजाइतकाच अपुरा आहे. श्रीमती क यांना नवोदितांना शिकवण्याचे काम मनापासून आवडत होते आणि बदलीनंतर नेमके तेच हातचे गेले असते.

प्रशिक्षणाचा प्रश्न

मनुष्यबळ विभागाचा संभाषणकौशल्याच्या प्रशिक्षणाचा आग्रह पुढेही कायम होता. त्यामागे वाईट हेतू नव्हता आणि त्याला संशोधनाचा काही आधारही आहे. विल्यम फ्लीसन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवले की माणूस ज्या वेळी बहिर्मुखासारखा वागतो त्या वेळी त्याला अधिक प्रसन्न वाटते, आणि हे अंतर्मुखांनाही लागू पडते. पुढे जॉन झेलेन्स्की यांच्या गटाला आढळले की अंतर्मुख माणसे असे वागल्याने आपल्याला किती बरे वाटेल याचा आधी अंदाज बांधताना तो कमीच बांधतात. "मला हे जमणार नाही, आवडणार नाही" या अंतर्मुख माणसाच्या वाक्यावर म्हणूनच दर वेळी डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे.

पण क्षणाची प्रसन्नता आणि आठवडाभराचे आयुष्य या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही सहभागींना आठवडाभर बहिर्मुखासारखे वागायला सांगितले. एकंदरीत त्यांना बरे वाटले, पण जे मुळात अधिक अंतर्मुख होते त्यांना हा लाभ कमी मिळाला, थकवा अधिक जाणवला आणि आपण आपल्यासारखे वागत नाही ही भावना वाढली. बहिर्मुखपणे वागल्यानंतर काही तासांनी येणारा थकवा बहिर्मुखांनाही टळत नाही, हे फिनलंडमधील एका अभ्यासात दिसले होते; त्यामुळे लोकांत मिसळून केवळ अंतर्मुखच दमतात ही सर्रास सांगितली जाणारी गोष्ट तितकीशी बरोबर नाही. ब्रायन लिटल यांचे म्हणणे मला येथे सर्वांत समंजस वाटते. माणूस आपल्याला प्रिय असलेल्या कामासाठी स्वभावाविरुद्ध वागू शकतो आणि चांगले वागू शकतो, मात्र त्यानंतर त्याला पुन्हा आपल्या स्वभावाच्या जागेत परतण्याची मुभा हवी. श्रीमती क सादरीकरणानंतर लगेच निघून जात, ती ही मुभा होती. सहकाऱ्यांनी तिला शिष्टपणा म्हटले होते.

माझी शिफारस अशी होती की श्रीमती क यांना प्रशिक्षणाला पाठवू नये. त्यांना जावेसे वाटले तर अवश्य जावे. गटाच्या बैठकीची पद्धत मात्र बदलावी.

बदल आणि त्यातील अडथळे

गटप्रमुखांनी ही शिफारस इतक्या उत्साहाने उचलली की पहिल्या महिन्यात त्यांनी नियोजनाच्या बैठकाच रद्द केल्या आणि सर्व चर्चा लेखी करायला सांगितली. श्रीमती क यांची टिपणे उत्तम येऊ लागली. त्याच वेळी श्री. ख कोमेजले. त्यांची टिपणे दोन-तीन ओळींची असत, त्यांत काही नवे नसे, आणि एका सहकाऱ्याने त्यांच्याविषयी "यांना विषयच कळलेला दिसत नाही" असे मत दिले. वर्षभरापूर्वी श्रीमती क यांच्याविषयी दिल्या गेलेल्या मताची ही हुबेहूब दुसरी बाजू होती. श्री. ख म्हणाले, "समोर माणूस नसेल तर मला काही सुचतच नाही." लेखी चर्चेत आणखीही एक उणीव निघाली. ज्या शंका समोरासमोर मिनिटभरात मिटल्या असत्या त्या तीन-तीन दिवस लोंबकळत राहिल्या.

मग मधला मार्ग निघाला आणि तो अजून चालू आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी नेमका प्रश्न सर्वांना लेखी जातो. "स्थलांतराबाबत चर्चा" असा मोघम विषय चालत नाही, "या पद्धतीने नोंदी हलवल्या तर कोणत्या नोंदी बिघडू शकतात?" असा प्रश्न लागतो. बैठकीची पहिली काही मिनिटे प्रत्येक जण आपापल्या कागदावर लिहितो आणि मग पाळीपाळीने प्रत्येकाचे ऐकले जाते. गटप्रमुख सर्वांत शेवटी बोलतात. यामागे जुने संशोधन आहे. एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटापेक्षा तेवढीच माणसे स्वतंत्रपणे कल्पना लिहून नंतर एकत्र करतात तेव्हा अधिक कल्पना हाती येतात, हे 1958 मध्येच दिसून आले होते. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी 1987 मध्ये त्याचे प्रमुख कारण दाखवले: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि थांबता थांबता त्यांची कल्पना निसटते. ही अडचण अंतर्मुखांपुरती नाही, सर्वांची आहे. अंतर्मुखांच्या बाबतीत ती अधिक ठळकपणे दिसते, एवढेच.

श्री. ख यांच्यासाठी बैठकीआधीचा अर्धा तास राखून ठेवण्यात आला. त्या वेळी ते एका सहकाऱ्यासमोर मोठ्याने विचार करतात आणि तेथे जे उरते ते कागदावर घेऊन बैठकीला येतात. गंमत म्हणजे, या अर्ध्या तासासाठी त्यांनी स्वतःहून श्रीमती क यांची निवड केली. समोर एकच माणूस असल्याने श्रीमती क यांचीही तक्रार नव्हती. मागे फिरता न येणारे निर्णय, जसे नोंदींचे स्थलांतर, आता त्याच बैठकीत पक्के होत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी पक्के होतात, म्हणजे रात्री सुचलेल्या शंकेला जागा राहते.

जबाबदारीचा काही भाग श्रीमती क यांच्याकडेही होता आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितले. आजारी माणसांवर परिणाम करणारी चूक दिसत असताना "एक निरीक्षण" असा विषय लिहून ईमेल पाठवणे आणि मग वाट पाहणे पुरेसे नव्हते. अंतर्मुखता हे माहिती उशिरा पोहोचण्याचे कारण असू शकते, पण ती न पोहोचू देण्याची सबब होऊ शकत नाही. त्यांनी हे शांतपणे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच एक पद्धत सुचवली: गंभीर धोका असेल तर पहिल्या ओळीत "थांबवा" असे लिहायचे, दुसऱ्या ओळीत कारण द्यायचे आणि तासाभरात उत्तर आले नाही तर फोन करायचा. बैठकीत झटपट बोलण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नाही. फोनवर एका माणसाशी बोलणे त्यांना मुळीच जड जात नव्हते.

सद्यस्थिती

बदलीची मागणी श्रीमती क यांनी मागे घेतली. पुढच्या मोठ्या कामात त्यांनी पहिल्या ओळीत "थांबवा" लिहिलेली हरकत एकदा पाठवली. तपासाअंती तिचा अर्धा भाग बरोबर आणि अर्धा चुकीचा ठरला, काम एक दिवस लांबले आणि त्यावरून कोणी नाराज झाले नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत आश्वासक गोष्ट हीच आहे, कारण बरोबर असल्याची पूर्ण खात्री होईपर्यंत तोंड न उघडण्याची त्यांची सवय येथे प्रथमच सैल झालेली दिसली.

गटाचे एक उपपथक त्यांच्याकडे सोपवावे का, हा विचार सध्या चालू आहे. मनुष्यबळ विभागाला शंका आहे की इतक्या कमी बोलणाऱ्या व्यक्तीला लोक प्रमुख मानतील का. ॲडम ग्रँट, फ्रान्चेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सदस्य स्वतःहून सूचना करणारे असतील तेथे अंतर्मुख प्रमुखांच्या हाताखाली काम अधिक चांगले झाले, आणि सदस्य आदेशाची वाट पाहणारे असतील तेथे बहिर्मुख प्रमुख सरस ठरले. श्रीमती क यांनी शिकवलेले नवोदित पहिल्या प्रकारात मोडतात. त्यामुळे निर्णय त्यांच्या बोलण्याच्या प्रमाणावरून न घेता हाताखाली कोण असणार आहे यावरून घ्यावा, असे मी लेखी कळवले आहे.

मूल्यमापनातील दोन्ही शेरे मात्र नोंदीत तसेच आहेत, कारण संस्थेच्या नियमानुसार एकदा बंद झालेल्या वर्षाचे मूल्यमापन पुन्हा उघडता येत नाही. मूल्यमापनाच्या नमुन्यात "बैठकीतील सहभाग" हा रकानाही कायम आहे. त्याऐवजी "निर्णयापूर्वी दिलेली उपयुक्त माहिती, कोणत्याही माध्यमातून" असा रकाना असावा, हा माझा प्रस्ताव विभागाकडे गेला असून पुढच्या मूल्यमापनापूर्वी त्यावर निर्णय अपेक्षित आहे.